निवृत्तीनंतरचे दिवस : छंद आणि कल्याणमित्र



आजच्या पाठाचा विषय उतारवयाचा आहे. परंतु तो केवळ वयस्क उपासकांनीच वाचावा असे नाही. घरातील मुलाने आणि सुनेनेही तो वाचावा. शक्य असल्यास रविवारी विहारात एकाने मोठ्याने वाचावा आणि इतरांनी ऐकावा.

१. प्रश्न कोणता?

तीस-पस्तीस वर्षे माणूस रेल्वेत, नगरपालिकेत, शाळेत, दारूगोळ्याच्या कारखान्यात किंवा सरकारी कचेरीत राबतो. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी त्याचा निरोप समारंभ होतो. हार, श्रीफळ, शाल आणि दोन भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सवयीप्रमाणे पाच वाजता उठतो. पण भोंगा त्याच्यासाठी वाजत नाही. ज्या सहकाऱ्यांबरोबर त्याने रोज डबा खाल्ला, ते आपापल्या कामाला जातात. घरातील माणसांचा दिवस त्याच्याविना आधीच बसलेला असतो. तो मधे आला की अडचण होते. अशा वेळी माणसाला पहिल्याने कळते की, नोकरीने आपल्याला पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी दिल्या होत्या : हाताला काम आणि बोलायला माणसे. पगाराच्या जागी पेन्शन येते. या दोन गोष्टींच्या जागी काय येते? ते आपोआप येत नाही. ते आपल्याला उभे करावे लागते. हाच आजच्या पाठाचा विषय.

२. जुनी सोबत गेली, नवी कोठे आहे?

इतर समाजापेक्षा आपल्यापुढे हा प्रश्न जास्त कठीण आहे, हे स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे. आपल्या वाडवडिलांना म्हातारपणी बसायला एक जागा होती. महारवाड्यात तिला तक्क्या म्हणत. तेथे चिलीम चाले, गप्पा चालत, एकतारीवर भजने होत. कोणी वारीला जाई, कोणी जत्रेला. देवळात प्रवेश नव्हता, पायरीपाशीच थांबावे लागे. तरी वाटेवर माणसांची सोबत मिळे.

धम्मदीक्षेनंतर आपण देव सोडले, नवस सोडले, जत्रा सोडल्या. हे योग्यच झाले. परंतु जत्रेबरोबर तेथे मिळणारी सोबतही गेली. जेथे तक्क्याच्या जागी विहार उभे राहिले आणि विहारात रोज माणसे जमू लागली, तेथे वृद्धांना नवी जागा मिळाली. जेथे विहाराचे कुलूप फक्त १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेलाच निघते, तेथे मात्र म्हातारा माणूस उंबऱ्यावर एकटा बसून राहतो. मग शेजारचे भजनी मंडळ त्याला हाक मारते. तो श्रद्धेपोटी जात नाही, तो माणसांसाठी जातो. त्याला नावे ठेवण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे : आपण त्याला कोणती सोबत दिली? घरातून मूर्ती काढणे हे दीक्षेचे पहिले पाऊल होय. रिकाम्या झालेल्या संध्याकाळी भरून काढणे हे त्यापुढचे.

३. कल्याणमित्र म्हणजे कोण?

एकदा स्थविर आनंद भगवंतांना म्हणाले की, चांगली मैत्री म्हणजे अर्धे धम्मजीवन होय. भगवंतांनी त्यांना थांबवले आणि सांगितले की, अर्धे नव्हे. चांगली मैत्री हे संपूर्ण धम्मजीवन आहे. मैत्रीला इतके मोठे स्थान देणारे हे वचन आपण विसरता कामा नये. पाली भाषेत अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हणतात.

गृहस्थाने मित्र कसा ओळखावा, हे सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. चार प्रकारचे लोक मित्राचे सोंग घेतात : फक्त घेऊन जाणारा, तोंडानेच देणारा, गोड बोलून खुशामत करणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. खरे मित्रही चार प्रकारचे असतात : मदत करणारा, सुखदुःखात सारखाच राहणारा, हिताचे सांगणारा आणि मनापासून कळवळा असणारा.

निवृत्त माणसाला या यादीची फार गरज आहे. ज्या महिन्यात फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती येतात, त्याच महिन्यात पहिले चौघे दाराशी येतात. कोणी उसने मागतो, कोणी दामदुपटीची योजना सांगतो, कोणी म्हणतो, "आता कशाची चिंता, चला बसू." सिगालोवादात संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. नोकरीत असताना घड्याळ आपल्याला या दारांपासून दूर ठेवते. निवृत्तीनंतर हे काम स्वतःच्या शीलाने करावे लागते.

४. आळसाच्या सहा सबबी

त्याच सुत्तात आळशी माणसाच्या सहा सबबी दिल्या आहेत. फार थंडी आहे म्हणून काम करीत नाही. फार ऊन आहे म्हणून करीत नाही. फार उशीर झाला. अजून फार लवकर आहे. फार भूक लागली आहे. पोट फार भरले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचून आपल्याला हसू येते, कारण त्यातील एखादी सबब आपण कालच सांगितलेली असते. निवृत्त माणूस यात सातवी घालतो : "आता माझे वय झाले."

या सातव्या सबबीला राध स्थविरांचे चरित्र हे उत्तर आहे. राध हे गरीब, म्हातारे ब्राह्मण होते. ते भिक्षूंच्या विहारात झाडलोट करीत, पडेल ते काम करीत. त्यांना प्रव्रज्या हवी होती. पण एवढ्या वयाच्या माणसाला दीक्षा द्यायला कोणी तयार होईना. भगवंतांनी विचारले की, या माणसाचा उपकार कोणाला आठवतो काय? तेव्हा सारिपुत्त म्हणाले की, यांनी मला एकदा पळीभर अन्न दिले होते. सारिपुत्तांनी त्यांना दीक्षा दिली. राध इतक्या तत्परतेने शिकू लागले, चूक दाखवली तर इतक्या आनंदाने सुधारू लागले की, भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली. ध्यानात घ्या : प्रशंसा ज्ञानाची नव्हती, शिकण्याच्या वृत्तीची होती. म्हातारपणी आपल्यापेक्षा लहान माणसाकडून शिकता येणे, हाच नव्या छंदाचा पाया आहे.

परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, परंतु या दृष्टीने आपण ते क्वचित पाहतो. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांचे वय साठ होते. शरीर मधुमेहाने पोखरले होते. ती काही निवृत्ती नव्हती. पुढे ते राज्यसभेचे सदस्यही होते. पण पद गेले म्हणून ते रिकामे बसले नाहीत. १९५४ साली ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. मे १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी याच वर्षांत लिहून पुरा केला. पाली शब्दकोशाचे कामही ते करीत होते. आणि याच माणसाने उतारवयात शिक्षक लावून व्हायोलिन वाजवायला शिकण्याचा प्रयत्न केला! त्यात पारंगत होण्याचा हेतू नव्हता. मनाला एक निर्मळ विसावा हवा होता. एवढ्या कामाच्या माणसाला छंद हवासा वाटला, तर आपण छंदाला पोरखेळ का समजावे?

५. छंद कोणता निवडावा?

छंद निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. त्याने शील बिघडू नये. त्याला पेन्शनीतून झेपणार नाही इतका खर्च नसावा. आणि त्यात निदान आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसाशी संबंध यावा. रोज चार तास एकट्याने दूरदर्शन किंवा मोबाइल पाहणे पहिल्या दोन कसोट्यांना उतरते, तिसरीला उतरत नाही. पुढे काही छंद सुचवीत आहोत.

(अ) पाली शिकणे. आपण वंदना रोज म्हणतो, पण अर्थ किती जणांना येतो? मराठी माणसाला पाली परकी नाही. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ, विज्जु म्हणजे वीज. घर तर घरच. पुस्तके देवनागरीत मिळतात. पंचशीलापासून आरंभ करावा. वेरमणी म्हणजे परावृत्त राहणे, सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, समादियामि म्हणजे मी स्वीकारतो. अर्थ समजला की शील म्हणजे देवाची आज्ञा नसून आपण स्वतः स्वीकारलेला अभ्यासक्रम आहे, हे आपोआप कळते. दिवसाला पाच शब्द शिकले तरी वर्षात अठराशे होतात.

(आ) अक्षरे शिकणे. आपल्या कित्येक माता-भगिनींना आणि काही बांधवांनाही लिहिता-वाचता येत नाही. "आता काय करायचे शिकून?" असे त्या म्हणतात. महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे त्यांची गाणी गावोगाव पोचली. नातवाने आजीला रोज अर्धा तास शिकवावे. त्यात दोघांचाही अभ्यास होतो.

(इ) आठवणी लिहिणे. हा छंद आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण त्याला उशीर चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा समारंभात जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. ती माणसे गेली की त्यांच्याबरोबर त्यांनी पाहिलेले सर्व जाईल. गावात दीक्षा कधी झाली, पहिला विहार कोणी बांधला, गावकीची कामे सोडल्यावर बहिष्कार कसा पडला, पाणी कोठून आणले, पहिली मुलगी शाळेत कोणाची गेली, हे सरकारी कागदात मिळत नाही. बेबीताई कांबळे फलटणला छोटे दुकान चालवीत आणि घरच्यांच्या नकळत लिहीत. त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. शांताबाई कांबळे यांनी शिक्षण खात्यातील नोकरी संपल्यावर लिहिलेली 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपाने आली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांकडे जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या, त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ तयार झाला. आपले पुस्तक छापले जाईलच असे नाही. दोनशे पानी वही पुरे. रोज एका प्रश्नाचे उत्तर एक पान लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे. त्यात दोघांना सोबत मिळते. जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल घालावे. वहीची एक प्रत विहारात ठेवावी.

(ई) लेणी पाहणे. महाराष्ट्राएवढी बौद्ध लेणी अन्य प्रांतात नाहीत, आणि ती केवळ राजांनी कोरलेली नाहीत. कार्ल्याच्या लेण्यातील शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दार केल्याची नोंद आहे. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींची नावे येतात. कुड्याच्या लेखांत माळ्याचे दान आहे. हातांनी काम करणाऱ्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले, हे कारखान्यातून निवृत्त झालेल्या बांधवाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परिवहनाने ७५ वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास सुरू केला. त्याआधीपासून ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे भाडे आहे. चौघांनी मिळून वर्षातून दोन लेणी पाहावीत, आधी वाचून जावे, आणि परत आल्यावर विहारात मुलांना सांगावे.

(उ) हाताचे काम. गोधडी शिवणे, बागकाम, सुतारकाम, सायकल किंवा रेडिओ दुरुस्त करणे, बुलबुलतरंग किंवा ढोलकी वाजवणे. ज्याला जे येते ते त्याने एखाद्या मुलाला शिकवावे. बोधिवृक्ष लावायचा असल्यास भिंतीपासून बराच दूर लावावा. पिंपळाची मुळे बांधकाम फोडतात आणि मग पुढच्या पिढीला तो तोडण्याची पाळी येते.

६. घरातील सोबत

निवृत्ती पुरुषाची होते. त्याच्या पत्नीची होत नाही. तिची चूल, धुणे, पाणी तसेच चालू राहते, आणि वर दिवसभर घरात बसून चहा मागणारा एक माणूस वाढतो. कित्येक घरांत निवृत्तीनंतर नवराबायकोची भांडणे वाढतात, त्याचे कारण हेच. पतीची कर्तव्ये सांगताना सिगालोवादात पत्नीचा मान राखणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे यांबरोबर घराचा अधिकार तिच्या हाती सोपवणे असे एक कर्तव्य सांगितले आहे. तेव्हा निवृत्त बांधवाने कचेरीतील साहेबी घरात आणू नये. मीठ किती आणि डाळ किती याचा हिशेब विचारू नये. त्यापेक्षा भाजी निवडावी, पाणी भरावे, स्वतःचा चहा स्वतः करावा आणि संध्याकाळी पत्नीलाही विहारात घेऊन जावे. महिला मंडळात ती बसलेली असताना घर सांभाळणे, हेही धम्मकार्यच आहे.

नकुलपिता आणि नकुलमाता हे दाम्पत्य याबाबत आदर्श आहे. नकुलपिता एकदा गंभीर आजारी पडले. आपल्यामागे कुटुंबाचे कसे होईल या काळजीने ते तळमळत होते. नकुलमातेने त्यांना धीर दिला : मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुलांना पोसीन आणि शीलही सोडणार नाही; तुम्ही चिंता घेऊन जाऊ नका. त्या धीराने ते बरे झाले आणि काठी टेकीत भगवंतांच्या दर्शनाला गेले. भगवंतांनी त्यांना सांगितले की, अशी हितचिंतक पत्नी मिळणे हे तुमचे भाग्य होय. कल्याणमित्र कधी कधी आपल्याच घरात असतो आणि चाळीस वर्षे आपण त्याच्याशी नीट बोललेलो नसतो.

ज्यांचा जोडीदार निवर्तला आहे त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी शंभर माणसे येतात. चौथ्या महिन्यात कोणीही येत नाही. खरी गरज तेव्हा असते.

७. पैसा आणि स्वाभिमान

सोना नावाच्या एका स्त्रीला दहा मुले होती. पतीने गृहत्याग केल्यावर तिने आपली सर्व संपत्ती मुलांत वाटून टाकली. थोड्याच दिवसांत तिला कोणी विचारीनासे झाले. उतारवयात ती भिक्षुणी संघात आली. तेथे ती रात्री अंधारात खांबाला हात लावून चालत अभ्यास करी. पुढे वीर्यवान भिक्षुणींत ती अग्रणी ठरली. तिचे धैर्य घ्यावे. पण तिची पहिली चूक आपण करू नये. मुलांवर प्रेम करावे, शिक्षणाला पैसा द्यावा. मात्र राहते घर आणि म्हातारपणाची पुंजी हयातीत सर्वस्वी देऊन टाकू नये. घर नावावर करायचेच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्याच लेखात स्पष्ट लिहून घ्यावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्यानुसार, अशी अट मोडल्यास ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. स्वतःच्या छताखाली राहणाऱ्याला मित्रांना घरी बोलावताना कोणाची परवानगी लागत नाही.

८. मंडळ कसे सुरू करावे?

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्षू गोसिंग शालवनात एकत्र राहत. भगवंतांनी त्यांना विचारले की, तुम्ही दूधपाण्यासारखे कसे राहता? त्यांचे उत्तर साधे होते. भिक्षेहून जो आधी येई तो आसने मांडी व पाणी ठेवी. जो शेवटी येई तो भांडी आवरी व जागा झाडी. पाण्याचा माठ रिकामा दिसला तर जो पाही तो भरी. आणि दर पाचव्या दिवशी तिघे रात्रभर धम्मचर्चा करीत. यात अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, निवडणूक नाही. आपल्या कित्येक मंडळांचा शेवट पदांच्या भांडणात होतो. म्हणून हा नमुना डोळ्यांसमोर ठेवावा.

पाच माणसे पुरेत. वार आणि वेळ एकच ठेवावी. विहार झाडणे, सतरंजी घालणे, पाणी भरणे हे आळीपाळीने करावे. अर्धा तास वंदना व वाचन, अर्धा तास चर्चा, मग मोकळ्या गप्पा. गप्पांना कमी लेखू नये. माणूस त्यासाठीच येतो. राजकीय पक्षाचा वाद आणि कोणाच्या घरचे उणेदुणे मात्र बाहेर ठेवावे. एखादा सभासद लागोपाठ दोनदा आला नाही, तर दोघांनी त्याच्या घरी जावे. हा एकच नियम काटेकोर पाळला तरी मंडळ टिकेल.

९. शरीर आणि चित्त

शेवटी शरीर थकणारच. वृद्ध नकुलपित्याने शरीर जीर्ण झाल्याचे भगवंतांना सांगितले, तेव्हा भगवंतांनी ते नाकारले नाही. त्यांनी एवढेच शिकवले की, शरीर आतुर झाले तरी चित्त आतुर होऊ नये याचा अभ्यास करावा. स्वतः तथागतही ऐंशीव्या वर्षी आपल्या देहाची तुलना डागडुजी करून चालवलेल्या जुन्या गाड्याशी करीत होते. आणि तरीही चालत होते, शिकवत होते, आणि आनंद त्यांच्या सोबत होते.

डोळे गेले तर ऐकता येते. पाय गेले तर मित्र घरी येतात, पण ते आधी जोडलेले असावे लागतात. म्हणून नोकरीची पाच वर्षे उरली असतानाच एक छंद आणि दोन मित्र धरावेत. जे आधीच निवृत्त झाले आहेत, त्यांनी येत्या रविवारी विहाराचे कुलूप उघडावे.

स्वाध्याय

१. आपल्या वस्तीत साठ वर्षांवरील उपासक-उपासिका किती आहेत? त्यांपैकी एकटे कोण राहते?
२. सिगालोवादातील चार खोट्या व चार खऱ्या मित्रांची लक्षणे आपल्या शब्दांत लिहा.
३. आळसाच्या सहा सबबींपैकी आपण कोणती वारंवार सांगतो?
४. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीकडून धम्मदीक्षेची आठवण ऐकून एक पान लिहून काढा व पुढील बैठकीत वाचून दाखवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!